एक हात अंतरावरून

२ डिसेंबर १९९७, मंगळवार

बेला गावात पहिला दिवस. सतरा घरं करायची होती, झाली सहा! हैद्राबादच्या विद्यापीठाने म्हातारपणावर मोठा अभ्यास काढलाय — साठीपुढची माणसं काय खातात, किती चालतात, काय विसरतात, त्यांचं कोण बघतं. फॉर्म तेलुगूत छापलेला. इकडची माणसं मराठी बोलणारी, म्हणून मी मराठीत विचारायचं आणि उत्तर परत तेलुगूत भरायचं. एकोणचाळीस प्रश्न! विसाव्याला म्हातारे कंटाळतात, पंचविसाव्याला मी.

कान तपासायची रीत मात्र आवडली. यंत्र नाही, काही नाही. माणसाच्या मागे एक हात अंतरावर उभं राहायचं आणि पुटपुटल्यासारखे तीन आकडे म्हणायचे. त्यांनी तेच परत म्हणायचे. भगवानराव म्हणून एक आजोबा म्हणाले, "काऊन वो बाई, चोरून काय सांगून राह्यली?" हसू आवरेना.

४ डिसेंबर, गुरुवार

जेवताना पुन्हा तोच विषय. सासूबाईंना यवतमाळकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. मी आठवड्यातले चार दिवस गावोगाव, हे बँकेत. मावल्याच्या या दोन खोल्यांत त्या दिवसभर एकट्या. गेल्या महिन्यात मोरीत पडल्या, दोन तास तशाच होत्या. म्हणून.

फक्त म्हणून नाही. इथे तरी खरं लिहावं. मी थकलेय. सहा वर्षं झाली त्यांना ऐकू येईनासं होऊन, आणि सहा वर्षं मी ओरडतेय. "आई, चहा!" म्हटलं की शेजारची बाई दार उघडते, या ढिम्म.

यांनी बोलताना आवाज उतरवला, तर मीच म्हटलं, "मोठ्याने बोला हो, त्यांना कुठे ऐकू येतंय!" त्या समोरच बसून ताकात भाकरी कुस्करत होत्या.

आणि दिवसा मी दारोदार विचारत फिरते — म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

९ डिसेंबर, मंगळवार

परत बेला. बयनाबाई, वय पंच्याहत्तरच्या आसपास. मुलगा आधीच म्हणाला, "माय बहिरी हाये, बारा वर्सं झाले." तरी मी मागे उभी राहून आकडे म्हटले. ती कापसाच्या ढिगाकडे बघत बसली. लिहिलं — ऐकू येत नाही. अशांना विद्यापीठ कानाची मशीन फुकट देणार आहे.

डबा आज घरीच विसरला. अंगणात जीपवाल्या फकिराच्या कानाशी तेवढं पुटपुटले — घरच्यांना उगाच संकोच नको म्हणून. निघताना बयनाबाईने हातात फडकं ठेवलं. आत ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. खाल्ली की मी! परतीच्या वाटेवर जैनथ गाव आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिला कोणी सांगितलं?

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज तिला घरामागे एकटीला गाठलं. एक हात अंतरावरून पुटपुटले, "भाकरी झकास होती."

आधी चपापली. मग इकडे तिकडे बघून अशी हसली, की खांदे हलत होते!

"पयले कान दुखे, तवा खरंच कमी आयकू ये. मंग बरा झाला. म्या सांगतलंच नाही. आयकू आलं का बोला लागते, बोललं का भांडण."

"बारा वर्षं! कंटाळा नाही आला?"

"कायचा कंटाळा? माह्यासमोर समदं बोलतेत. वाईट बोलतेत, चांगलं बी बोलतेत. यंदा पोळ्याले सून म्हणली, बुढी गेली तर घर खायाले उठीन. आयकू येणाऱ्या सासूले असं कोणी सांगते का?"

मग माझा हात धरला. "कागदावर बहिरीच राहू दे वो बाई. मशीन आणशीन, तर माहं घर मोडशीन."

फॉर्म बदलला नाही. मोठ्या अभ्यासात एक खोटी नोंद माझ्या हाताने गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

वाटलं ते जीपमध्ये. आमच्या घरात सहा वर्षं काय काय बोललं गेलंय, आणि समोर कोण बसलं होतं! त्यांच्यासमोर मी त्यांच्याबद्दल चांगलं काय बोलले, ते आठवू लागले. घर आलं तरी एकही वाक्य आठवेना.

१३ डिसेंबर, शनिवार

राहवलं नाही. सासूबाई दुपारी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मागे जाऊन उभी राहिले. एक हात अंतर.

"सात, दोन, नऊ."

काही नाही. पुन्हा म्हटलं. हातसुद्धा थांबला नाही, शेंगा सोलणं चालूच.

हुश्श! खऱ्याच बहिऱ्या आहेत. कुणाच्या बहिरेपणाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. लाज वाटली — पण लगेच नाही, चहा पिऊन झाल्यावर.

१७ डिसेंबर, बुधवार

आश्रमाचं पत्र आलं. जागा आहे. रविवारी, नऊची बस. यांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्या तिथेच केस विंचरत होत्या.

"आईले म्हणू, माहूरले देवीच्या दर्शनाले जाऊन राह्यलो," हे म्हणाले. "रविवारी सकाळीच सांगू. आधी सांगून काऊन जीवाले घोर?"

नको म्हणावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं. पण मोरी आठवली, ते ओरडणं आठवलं, आणि मी पत्राची घडी करून ठेवली.

२० डिसेंबर, शनिवार

उद्या. भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाईंनी निमूट खाल्ली.

२१ डिसेंबर, रविवार

नऊची बस गेली. आम्ही तिघंही घरीच आहोत.

सकाळी उठले तर दाराशी त्यांची पत्र्याची ट्रंक. चार लुगडी, गुडघ्याचं तेल, आमच्या लग्नातला फोटो. आम्ही अजून एक शब्द सांगितला नव्हता. माहूरसुद्धा नाही.

सवयीने ओरडले, "आई, हे काय?"

"हळू बोल, विनोदिनी," त्या म्हणाल्या. "माहूरले ट्रंक लागत नाही, यवतमाळले लागते. अन् त्या दिवशीचं सांगायचं राह्यलं — सात, दोन, नऊ."