लाल थर पंचवीस फुटांवर

२१ एप्रिल १९५९

पोहोचलो एकदाचे! केळापूरहून बैलगाडीनं दोन तास, आणि गाडीत माझ्यापेक्षा दगडांच्या रिकाम्या पेट्यांचीच चंगळ. शाळेला सुट्टी, त्यामुळे अख्खा व्हरांडा आमचा. आम्ही म्हणजे मी आणि भीमराज — नागपूरचे एम.एस्सी. भूशास्त्रवाले! इथल्या लाव्ह्याच्या थरांचा नकाशा करायचाय. भीमराजची आत्या तुळसाबाई शेजारच्याच वस्तीत राहते, म्हणून सरांनी बिनघोर सोडलं.

व्हरांड्यात रांजण आहे, काठोकाठ भरलेला. पाणी जरा गढूळ, पण गार. मनसोक्त अंघोळ केली.

२३ एप्रिल

वस्तीतली माणसं विहीर खोदताहेत. स्वतःच्या हातांनी! अठरा फूट झाली, अजून ठणठणीत कोरडी.

अडीच वर्षांपूर्वी सगळी वस्ती बौद्ध झाली. त्याआधी बायकांनी गावच्या विहिरीपाशी ताटकळायचं, कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. आता तिकडे फिरकत नाहीत. नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणतात — दोन मैल! तुळसाबाई म्हणाली, "त्या हिरीवर म्या पाय ठेवत नाही आता. तहानेनं मेली तरी!"

मग माझ्याकडे वळली. "बाबू, तू दगडाचं शिकला ना? सांग मंग, खंदत राहू का सोडून देऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्या विषयाची गरज पडली. असली छाती फुगली!

२४ एप्रिल

उत्तर काढलं. दोन लाव्ह्यांच्या मध्ये इथं भाजलेल्या लाल मातीचा थर असतो. त्यातून पाणी खाली जात नाही, त्याच्या डोक्यावर साठतं. नाल्याच्या काठाला तो थर उघडा दिसतो. थर इथं आडवे आहेत, तेव्हा वस्तीची उंची उणे नाल्यातल्या थराची उंची — झाली विहिरीची खोली!

सकाळी दहाला वस्तीत उंचीमापक वाचलं. वाटेत दगड फोडत फोडत नाल्यावर चार वाजले. दोन मैल त्या उन्हात! जीभ टाळ्याला चिकटली. पुन्हा जायचं नाव नको.

हिशेब: पंचवीस फूट. भीमराज म्हणाला, "उद्या अजून एकदा मोजू ना." घाबरट! मी सरळ जाऊन सांगून टाकलं — फक्त सात फूट राहिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

३० एप्रिल

भीमराज अंघोळ एका तांब्यात उरकतो. पहाटे कुठं फिरायला जातो कोण जाणे. मी उठतो तेव्हा परत आलेला असतो, मान चोळत. आज मी सोळा नमुने घासूनपुसून धुतले, कसे चकाकले! तर हा म्हणतो, "जरा हात आखडून घे, सदाशिव." कंजूष! रांजण रोज भरलेलाच असतो की. बबनरावांची माणसं भरत असतील — गावातले बडे शेतकरी, शाळेची किल्ली त्यांनीच दिली.

५ मे

पंचवीस फूट! काळा दगड. फक्त काळा दगड.

९ मे

एकोणतीस. वस्तीतले मारोतराव सगळ्यात खाली उतरून घण घालतात, त्यांचे तळवे फाटलेत. मला कुणी एक शब्द बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुळसाबाईची भाकरी आणि ठेचा मात्र रोजच्या वेळेला येतो.

१० मे

गाढव आहे मी! उंचीमापक हवेच्या दाबावर चालतं. दुपारी दाब रोजच उतरतो, यंत्र तीच जागा उंच दाखवतं. आणि मी सकाळच्या आकड्यातून दुपारचा आकडा वजा केला! हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

आज एक यंत्र घेऊन भीमराज वस्तीत, दुसरं घेऊन मी नाल्यावर. दोघांनी एकाच वेळी, तासातासाला वाचलं.

चाळीस फूट.

११ मे

भीमराज म्हणाला, "दोघांचं चुकलं म्हनून सांगू." मी नाही म्हटलं. आकडा माझा, ऐटही माझी.

काठावर उभा राहून सांगितलं — माझं चुकलं, पंचवीस नाही, चाळीस. खाली घण थांबला. मारोतरावांचा आवाज आला, "पन आहे ना खाली?"

"आहे."

तुळसाबाईनं मला नीट न्याहाळलं. "त्या दिशी चाळीस म्हनला असता, त आमी तवाच सोडून देल्ली असती. आता कायले सोडतो! उभा काहून राह्यला? दोर धर."

दिवसभर दगडांच्या पाट्या ओढल्या. हाताला चार फोड आलेत. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं!

२६ मे

छत्तीस. नकाशा तसाच पडलाय. सरांचं कार्ड आलं — "प्रगती कळवा." काय कळवू? दंड तेवढे पिळदार झालेत!

४ जून

एकोणचाळीस फुटांवर पाणी!! आधी दगड ओला, मग एक बारीक धार, मग मारोतराव गुडघाभर पाण्यात, हसताहेत की रडताहेत कळेना. मी वरून ओरडलो, "लाल माती लागली का?" खालून चिखलाचा गोळा आला, थेट माझ्या सदऱ्यावर. लाल! हा सदरा धुणार नाही.

५ जून

सकाळी तुळसाबाई नव्या विहिरीची पहिली घागर घेऊन आली आणि आमच्या रांजणात ओतली. म्हणाली, "चाला, आता तुमच्या रांजनासाठी आमाले नाल्यावर जा लागत नाही."

भीमराज मान चोळत दुसरीकडेच बघत होता.

सोळा दगड धुतले मी त्या पाण्यानं.