वडिलांची सही ग्राह्य धरून माझे विषय मला परत देण्याबाबत

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
पांझरातीर महाविद्यालय,
देवपूर, धुळे

विषय : काकांच्या पत्रावरून बदललेले ऐच्छिक विषय पूर्ववत करणे.
संदर्भ : माझा १८ जुलैचा विषयनिवडीचा फॉर्म (प्रत जोडली आहे).

महोदय,

१. १८ जुलैला सकाळी सोनगीरच्या घरी वडिलांनी ओट्यावर दाढी करताना, गालाला साबण असतानाच माझा फॉर्म मागितला. मी एम.एस्सी. संगणकशास्त्र शिकते. पुढे पीक विम्यातली जोखीम मोजण्याची नोकरी करायची आहे, म्हणून डेटाबेस आणि संख्याशास्त्रीय संगणन हे विषय निवडले. वडील, रुपचंद बोरसे, गावचे कोतवाल. महसूल मंडळाचे पर्जन्यमापक त्यांनी बावीस वर्षे वाचले. दुसऱ्या विषयावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "पाऊसनं बठ्ठं गणित यामा शे का?" (पावसाचे सगळे गणित यात आहे का?) मी म्हणाले, "तुमले नही समजाव, आबा." ते हसले आणि सही केली. १९ तारखेला ते हृदयविकाराने गेले.

२. रजेच्या अर्जाला मी वडिलांच्या उत्तरकार्याची, गंधमुक्तीची पत्रिका जोडली होती. तिच्यावर काका बन्सीलाल यांचे नाव सर्वांत वर आहे, कारण आमच्याकडे घरातल्या थोरल्या पुरुषाचे नाव वर छापतात. तेवढ्यावरून कार्यालयाने त्यांना माझे पालक ठरवले आणि त्यांच्या पत्रावरून मला वेब डिझाइन व ग्राफिक्स दिले. काकांचे म्हणणे, "पोर शे, घर बसीसन वेबसाइट बनाडी." काका मायाळू आहेत. विषय माझे आहेत.

३. लिपिक प्रमिलाबाई म्हणाल्या, "ताई, वडिलांची सही आता चालत नाही. पालकाची नवीन आणा." कोठून आणू, ते लेखी कळवावे. माझे वय सव्वीस आहे. वडिलांना अग्नी मी दिला. तेव्हा कोणी संमतीपत्र मागितले नाही.

४. मी वेब डिझाइनच्या तासाला बसणार नाही. सोमवारपासून संख्याशास्त्रीय संगणनाच्या तासाला बसते आहे. हजेरीपटात नाव नाही, तरी बसते. विषय पूर्ववत करावेत. नकार द्यायचा असल्यास कारणासह, आपल्या सहीने द्यावा.

५. अर्ज देण्यापूर्वी काल ओट्यावर तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. परिच्छेद १ मधल्या माझ्या उत्तरापाशी मी थांबले. ते खोडत नाही. तसे मी बोलले होते. थांबून मी जे म्हणाले, तेही याच अर्जात नोंदवते : आबा, तुमले बठ्ठं समजनं व्हतं.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
कामिनी रुपचंद बोरसे