ओटीतला घेवडा

प्रिय आई,

आज तुला लिहायला बसले त्याला कारण आबा आहेत. त्यांनी तुझं बियाणं शिजवलं. "तूच कळव तिला, माझ्यानं सांगवायचं न्हाई," असं म्हणून ते गोठ्याकडे गेलेत आणि मी तुझ्या खुर्चीत बसून हे लिहितेय.

लगेच रागावू नकोस. आधी सगळं ऐकून घे.

मी काल सांगलीहून कोरेगावला आले. तू गेल्यापासून आबा स्वतःच रांधतात, आणि लेक येणार म्हणून त्यांना राजमा करायचा होता. फौज सोडून इतकी वर्षं झाली तरी राजमा म्हटलं की त्यांचा चेहरा कसा खुलतो, तुला माहीतच आहे. तू घेवडा म्हणायचीस, ते राजमा म्हणायचे, आणि यावरून तुमचं जन्मभर चाललं! तर फडताळात अगदी वरती त्यांना एक लहानसा डबा सापडला. आत राख लावलेले दाणे. कीड लागू नये म्हणून तू आमटीच्या घेवड्याला राख लावलीस, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो खळखळून धुतला, भिजवला आणि सगळाच्या सगळा कुकरला लावला.

"लय राख हुती गं," मला वाढताना ते कौतुकानं सांगत होते.

राख म्हटल्यावर माझा हात ताटातच थांबला; राख तू फक्त बियाण्याला लावायचीस. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग कुकरकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. ते तसेच खाली बसले. म्हणाले, "तिची एकच वस्तू सांभाळायची हुती. ती बी मी खाल्ली."

संशोधन केंद्रात तू नोकरीभर घेवड्यावर काम केलंस, पण हा वाण तिथला नव्हता. निवृत्त झाल्यावर आपल्याच रानात, कमी पावसातही तग धरलेली झाडं तेवढी निवडत निवडत तू तो केलास. त्याला नाव नव्हतं. आम्ही आईचा घेवडा म्हणायचो. आता पेरणी तोंडावर आलीय, आणि आईचा घेवडा आमच्या ताटात होता.

टाकवेना गं. आम्ही दोघांनी तो खाल्ला. तुझ्या घरात एक नंबरचा दाणा बियाण्याला, त्या खालोखालचा देवीच्या नैवेद्याला आणि उरलासुरला आम्हाला. देवाच्या आधी बियाणं कसं, म्हणून आत्यानं एकदा तुला हटकलं होतं. तू शांतपणे म्हणालीस, "देवीला पुढच्या वर्षी नैवेद्य नको का?" दर मंगळवारी अनवाणी देवीला जाणारी तू, तुला कोण काय बोलणार! आम्ही मात्र तीन नंबरवर वाढलो. एक नंबर इतका गोड लागतो, हे तू आम्हाला कधी कळूच दिलं नाहीस.

आज सकाळी उरलेली वाटीभर उसळ घेऊन मी शेजारी शालनकाकूंकडे गेले. तू कधी रिकाम्या हातानं त्यांच्या दारात गेली नाहीस, म्हणून. काकूंनी एक दाणा बोटांत धरला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यो वहिनींचा घेवडा न्हवं? शिजवलासा व्हय?"

मी सगळं सांगितलं. काकू आत गेल्या आणि एक गाडगं घेऊन आल्या. वर राख, आत तुझा घेवडा! तेच लाल पट्टे.

"तुझ्या आईनं ओटीत घातल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "दर साली बांधाला लावती मी."

मला आठवलं. बायकांची ओटी भरताना तू खण, नारळ, तांदूळ घालायचीस आणि वर घेवड्याची एक मूठ. ओटीत आमटीचं सामान कशाला, म्हणून आत्या हसायची. काकांच्या माघारी शालनकाकूंची ओटी भरायला कुणी पुढं येईना, तेव्हा तू त्यांना पाटावर बसवलंस, तीही मूठ घालून. घेवडा दुसऱ्याच्या फुलाकडे बघत नाही, स्वतःच्याच परागावर दाणा धरतो, कुणाच्याही रानात टाका, तो आपल्यासारखाच येतो, असं तू केंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगायचीस. आणि बियाणं एका घरात कोंडून ठेवू नये, असंही. आई, ती ओटी म्हणजे भक्ती होती की शास्त्र? मला कधी विचारावंसंच वाटलं नाही, आणि आता विचारू कुणाला?

एक तक्रार मात्र आहे. माझ्या ओटीत तू ती मूठ कधी घातली नाहीस. "तुझ्या सांगलीच्या गॅलरीत तो नांदायचा न्हाई," म्हणायचीस. मी हसायचे, पण मला ते लागायचं. गावातल्या सगळ्या बायकांना तुझा घेवडा आणि लेकीला नुसते तांदूळ?

मी गाडगं उचलायला गेले, तर काकू म्हणाल्या, असं नको, ओटीत घे. आणि मग त्यांचाच हात अडखळला. "माझ्या हातनं चालंल न्हवं तुला?"

मी पाटावर बसले आणि पदर पसरला. एक मूठ, दुसरी मूठ, करत त्यांनी गाडगं निम्मं केलं. आई, मी तिथंच रडले. काकूही रडल्या. हात त्यांचे होते, पण भरत तू होतीस.

पदर तसाच धरून घरी आले. आबांनी बघितलं, एक दाणा उचलून कपाळाला लावला, आणि तेव्हापासून ते गोठ्यात बसून आहेत. बरं चाललंय म्हणून समज.

पेरणीला मी सुट्टी काढून येईन. निवडायला बसेन, तुझ्यासारखंच. पहिला दाणा बियाण्याला, दुसरा देवीला. आणि गावात जिची ओटी भरेन, तिला मूठ घालीन, शालनकाकूंना सगळ्यात आधी. फक्त तुझा एक नियम मोडणार आहे. दर वर्षी एक नंबरमधला वाटीभर घेवडा बाजूला काढून आबांना शिजवून घालणार आहे.

आणि त्याला राजमा म्हणणार आहे. चालेल ना?

तुझी,
तीन नंबरच्या घेवड्यावर वाढलेली,
मनू