ताईच्या विमानाचा धूर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). इकडे सगळे धडधाकट. तुझे गुडघे काय म्हणतात? तिकडच्या थंडीत पायमोजे घालून झोपतेस ना?

तुझं पत्र पोचलं. विमानाच्या धुराने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तेव्हा त्या जास्तीच्या वायूचं काय करायचं हे कुणीतरी ठरवल्याशिवाय विमानात पाऊल ठेवणार नाही, अशी तू शपथच घेतलीस. (हे खूळ भाचेबुवांनी भरवलं. लहानपणी नुसता अंगठा चोखायचा, तेच बरं होतं.) तुला पाहून किती वर्षं झाली! म्हटलं, कुणीतरी म्हणजे मीच का नको? माझा जन्म सोड्याच्या कारखान्यात गेला. आमच्याकडे हाच वायू बॉयलरच्या धुरांड्यातून वेगळा काढतात, धुऊन-पुसून घेतात आणि सरबतात दाबून बसवतात. मग तुझ्या विमानापुरता बाटलीत कोंडायला काय हरकत होती? मोठ्या ऐटीत हे आमच्या केमिस्टबाईंना सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, गिऱ्हाईक बाटली उघडतं, ढेकर देतं. झाला की वायू मोकळा."

तेव्हा मी ठरवलं, बाटली उघडायचीच नाही. रोज कामावरून येताना एक क्रेट घरी आणू लागलो. पलंगाखाली बाटल्या, माळ्यावर बाटल्या, शिवणयंत्राखाली बाटल्या, मग नाइलाजाने तुझ्या खोलीतही. तुझी भावजय आधी हसली, मग बोलेनाशी झाली. व्याही आले, त्यांना मी साधं पाणी दिलं. पेला खाली ठेवायला ते वाकले आणि पलंगाखाली त्यांना सगळा साठा दिसला. ते अजून फोन उचलत नाहीत.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. भर उन्हाळा, बंद घर, काचेच्या बाटल्या. दुपारी माळ्यावरची पहिली फुटली, तिच्या धक्क्याने दुसरी, आणि मग कुणी कुणाला आवरेना. वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार जिन्यातच पालथे पडले आणि तिथूनच आम्हाला शरण या म्हणू लागले. छतातून संत्र्याचं सरबत गळत होतं. कोंडलेला सगळा वायू हवेत गेला, म्हणजे तुझ्या प्रवासाआधीच तुझा धूर होऊन गेला. भावजय चिकट केस सोडवत एवढंच म्हणाली, "आता तरी ताईंना सरळ लिहा, की तुमच्याशिवाय करमत नाही."

असलं काही लिहायची मला सवय नाही, हे तू जाणतेसच. पण संध्याकाळी कामावरून आलो, की तुझ्या खोलीत जाऊन उगाच बसतो. आई-बाबांच्या मागे मला 'बावळटा' म्हणून हाक मारणारं इथे कुणी उरलेलं नाही. फार आठवण येते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. केमिस्टबाई सांगतात, मोठमोठी माणसं हा वायू जमिनीखाली खडकात पुरून टाकायच्या खटपटीत आहेत. वर्षं लागतील म्हणे. त्यांना सवड असेल, आपल्याला नाही.

ता. क. (शेवटचं) भाचेबुवांकडून हिशेब मागवला. जाण्यायेण्याचा मिळून धूर फार होतो, नुसत्या येण्याचा निम्मा. तेवढाच कर. परतीचं तिकीट काढू नकोस.