तिठ्यावरचा उतारा

४ जानेवारी १९९४
आलो एकदाचे मुर्ध्याला! दोन खोल्या, मागे खाडी, दारात शेवगा. बायको, राजश्री, भलतीच खूश आहे. माझा मूतखडा दुर्बिणीने काढला. आत बारीक नळी ठेवलीय, ती महिनाअखेर काढतील. तोवर भरपूर पाणी प्यायची डॉक्टरांची ताकीद आहे. घरमालकीण गोदूबाई इथल्याच, जुन्या मिठागरवाल्यांतल्या. आल्या आल्या जवळ्याची चटणी धाडली त्यांनी.

९ जानेवारी
लघवीला गेलो की कळ थेट डाव्या कुशीत चढते. मोरीची भिंत धरून उभा राहतो. डॉक्टर म्हणाले, नळी आहे तोवर असं होणारच. गोळ्या घ्या, गरम पाण्याची पिशवी ठेवा. दोन्ही करतोय. गोळीने नुसती गुंगी येते.

१३ जानेवारी
राजश्री कामावर गेल्यावर गोदूबाई म्हणाल्या, उतारा काढते, घाबरू नको, काय न्हाय होत. आम्ही बौद्ध, आमच्यात असलं चालत नाही. माझ्या वडिलांनी हयातभर लोकांना हेच समजावलं. पण त्या कळेपुढे मी मान तुकवली. माझ्या कुशीवरून भाकरी नि लिंबू उतरवून त्यांनी तिठ्यावर ठेवलं. दुपारी मोरीत गेलो. कळ नाही! लाजही वाटली आणि आनंदाने रडूही आलं.

संध्याकाळी राजश्री हसत आली. तिठ्यावर कुणाचा तरी उतारा होता, लोक वळसा घालून जात होते, म्हणून हिने मुद्दाम ओलांडला. मी तसाच उठून मोरीत गेलो, तर बाहेर ती किंचाळली. डावी कूस दाबून खाली बसली होती.

१९ जानेवारी
मी मोरीत जातो, ती ओरडते. दर वेळी. तिच्या सोनोग्राफीत काही नाही. माझ्या गोळ्या तिला देतोय. गोदूबाईंचे पाय धरले. ओलांडलेलं मागं फिरत न्हाय, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. राजश्रीला सांगायची हिंमत होत नाही.

२३ जानेवारी
पाणी पिणं बंद केलं. दाबून धरतो. मग धरवत नाही— ती पदर तोंडात कोंबते. मला हुडहुडी, ताप.

२४ जानेवारी
डॉक्टर भडकले. नळी आत्ताच काढायची, नाहीतर मूत्रपिंड जाईल. राजश्री बाहेर होती, डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. सुन्न करायचं औषध मला नको, तिला द्या म्हणालो, हात जोडले— म्हणाले, ताप डोक्यात गेलाय.

बाहेर बाकावर लिहितोय. राजश्रीने माझा हात धरलाय. म्हणतेय, भिऊ नका, काही दुखणार नाही. तिला आता तरी सांगायला— आतून मला बुद्धभूषण म्हणून पुकारलं. ती म्हणतेय मीपण आत येते, तुमच्याजवळ उभी रा—