क्रॅनबेरीने भागत नाही, बाबा

बनी पार्क, जयपूर

प्रिय बाबा,

तुम्ही पाठवलेल्या क्रॅनबेरीच्या गोळ्या मिळाल्या. डब्यावरचं सगळं वाचलं, अगदी तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत. सवय तुम्हीच लावलेली. 'मूत्रमार्गाचे आरोग्य राखण्यास साहाय्यक' असं तिथे आहे. संसर्ग बरा होतो, असं कुठेही नाही. मग साहाय्यक म्हणजे किती? मी तेच पुन्हा पुन्हा वाचत बसले.

लघवीची जळजळ परत सुरू झाली, एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. काल थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखतंय, हे सांगितलं नव्हतं. घाबरू नका असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे.

इथे प्रत्येकाकडे उपाय आहे. घरमालकीण वीणाजी जवाचं पाणी उकळून आणतात आणि मी पेला रिकामा करीपर्यंत दारातून हलत नाहीत. 'अंग्रेज़ी दवाई से तो पेट ही जल जाएगा, बेटा!' ऑफिसातली ईश्वरी म्हणते, 'क्रॅनबेरी नॅचरल आहे ना, मग प्रश्नच नाही.' मी म्हटलं, जंतूही नॅचरलच असतात की. तर म्हणाली, 'तुझ्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा!'

शेवटी काल संध्याकाळी सी-स्कीम भागात डॉ. देवयानींकडे गेले. त्या मूळच्या नागपूरच्या. डबा पाहून हसल्या. 'अगं, हे पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून काहीजणींना उपयोगी पडतं. झालेला संसर्ग याने जात नाही. आणि तुला तर ताप आहे, मूत्रपिंडापर्यंत गेलेलं दिसतंय.' लघवी तपासायला घेतली आणि अँटिबायोटिक आजच सुरू कर म्हणाल्या. मी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, 'तुला किंवा घरात कोणाला औषधाची ॲलर्जी?' 'घरी विचारून सांगते,' म्हटलं आणि गोळ्या घेऊन परत आले.

गोळ्यांचं पाकीट समोर आहे. अजून फोडलेलं नाही. अँटिबायोटिक उगाच घेऊ नये, हे मलाही पटतं. पण हे उगाच आहे का? मी सावध आहे की नुसतीच भित्री? माझा क्रॅनबेरीवर विश्वास आहे, की तिने काही बिघडणार नाही एवढाच दिलासा आहे? काहीच कळत नाही.

आपल्याकडे ताप आला की काढा आणि कपाळावर पट्ट्या. गोळी कधी नाहीच. पहिली-दुसरी तुम्ही मला घरीच शिकवलीत. शाळा लांब पडते, असं सगळ्यांना सांगायचात. शाळा तर गल्लीच्या टोकाला होती, बाबा. मला वाटायचं, मी हुशार म्हणून घरी शिकते. आई नुकतीच गेली होती आणि तुम्हाला मी नजरेआड नको होते, हे फार उशिरा लक्षात आलं.

आईचा घसा दुखत होता. ती चालत दवाखान्यात गेली, एवढं मला आठवतं. चालत परत आली नाही. पुढे एकदा स्वयंपाकघरात मावशी 'ते इंजेक्शन' एवढंच बोलली आणि तुम्ही ताटावरून उठून बाहेर गेलात. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही.

आज सकाळी डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आईला झालं म्हणजे तुला होईलच असं नाही, पण औषधाचं नाव कळलं तर बरं. दुपारीच ये, माझ्यासमोर बसून पहिली गोळी घे. मी जाणार आहे. हे हाताने लिहून फोटो पाठवते आहे, कारण फोनवर तुम्ही 'बरं, जेवलीस का?' म्हणाल आणि मी 'हो' म्हणेन. बाबा, आईला त्या दिवशी कोणतं औषध दिलं होतं? फक्त नाव लिहा. माहीत नसेल, तर तसं लिहा. पण काहीतरी लिहा. ती गोळी मला तुमच्यापासून लपवून घ्यायची नाही.

तुमचीच,
संपदा