शिवेवरची दोन टेबलं

स्टेपलफर्ड, मॅसॅच्युसेट्स
दुसऱ्या महिन्याची (एप्रिल) ६ तारीख, १६५२

चि. एलकाना यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, आणि जोडीला एक धपाटा. धपाटा आधी घे.

सगळा हिवाळा सरला, तुझी एक ओळ नाही. गुरं हाकणारा जोनास परवा तुमच्याकडून आला. त्याच्या तोंडून कळलं, की गुडरेस्टच्या लोकांनी तुला वसाहतीचा मुख्य निवडलंय. म्हणजे सख्ख्या भावाची बातमी मला गुरांच्या मागून यावी! अभिनंदन करते, पण खरं सांगू, मला हसूच आवरेना. जेवणाआधीची प्रार्थना कुणी म्हणायची यावरून तू लहानपणी बाबांशी भांडायचास. मोठा झाल्यावर आमच्या पाळकबुवांना भर सभेत सुनावलंस, की माणसाच्या श्रद्धेत कोर्टाने नाक खुपसू नये. वर स्वतःच्या तान्ह्या लेकराचा बाप्तिस्माही करू दिला नाहीस. आता तुझ्या हाताखाली चाळीस घरं नांदणार. देव त्या चाळीस घरांचं भलं करो.

इकडे सगळं ठीक. हे अजून प्रार्थनाघराच्या मंडळीचे कारभारी, डीकनच आहेत, पूर्वीपेक्षा जरा जास्तच. शनिवारी सूर्य बुडून विसाव्याचा शब्बाथ सुरू झाला, की कोंबडीने अंडं घातलं तरी यांच्या कपाळाला आठी. मी तुला पत्र लिहिते हे यांना अजिबात ठाऊक नाही. मात्र दौतीतली शाई तळाला गेली, की ती आपोआप भरलेली असते. मी विचारत नाही आणि हे सांगत नाहीत.

लिहायचं कारण आई. थंडीत तिला धाप लागायची. आता बरी आहे, पण अंगावरचा झगा दुसऱ्या कुणाचा असावा तशी दिसते. रोज एकच घोकते, की एलकानाबरोबर एका टेबलावर एकदा जेवले की मी मोकळी झाले. आता हे जमायचं कसं, तूच सांग. तू हद्दपार, इकडे पाऊल टाकलंस तर तुरुंग. ती तिकडे आली, तर मंडळीने वाळीत टाकलेल्या माणसाबरोबर जेवायचं नाही हा नियम आड येतो. आईने मंडळीला शब्द दिलाय आणि ती तो मोडायची नाही, तुझीच आई आहे ती. मग एकच वाट उरते. कोर्टाची परवानगी हे काढतील. तू प्रार्थनाघरात उभा राहा आणि चुकलो एवढं म्हण. एरवी तुझ्या जिभेला हाड नसतं, मग या एका शब्दालाच काय होतं रे?

तबिथाला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, आणि तू सुधारलास तरी तो राहील.

तुझी ताई,
मेहिटेबल


गुडरेस्ट
दुसऱ्या महिन्याची १७ तारीख

ती. मेहिताईस एलकानाचा साष्टांग नमस्कार. घातला आहे टोपीसकट.

टोपी फक्त देवापुढे काढायची, असं मी अलीकडे ठरवलंय. मागे एक बडे न्यायाधीश आले, त्यांच्यापुढेही काढली नाही. ते लालबुंद झाले. तबिथाने त्यांना समजावलं, की मनावर घेऊ नका, आतले केस गेलेत म्हणून हे काढत नाहीत. घरात अशी बायको असल्यावर मी न्यायाधीशांना काय घाबरणार?

मुख्य झालो ते खरंच. इथे ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे देवाला भजावं, हे कलम मीच लिहिलं आणि आता मीच भोगतोय. एका घराचा शब्बाथ शनिवारी, शेजारच्या घराचा रविवारी. एकजण प्रार्थनेला डोळे मिटतो तोच दुसरा लाकडं फोडायला घेतो. दोघेही कुऱ्हाडीसकट माझ्या दारात हजर. एकाच बाबतीत सगळ्या गावाचं एकमत आहे, आपली डुकरं मोकळी सोडावीत आणि शेजाऱ्याची कोंडावीत. तरी सांगतो ताई, भांडून भांडून घसे बसले, पण अजून कुणी कुणाला गावाबाहेर काढलेलं नाही. याचा मला फार अभिमान वाटतो.

आईचं वाचलं आणि ताट बाजूला सारलं. चुकलो म्हण म्हणतेस. अगं, म्हटलं असतं. मनात नाही ते तोंडाने म्हणायचं नाही, या एकाच गोष्टीपायी मी भर बर्फातून इथवर आलो. इथल्या मूळच्या नॅरॅगॅन्सेट लोकांनी आपल्या चुलीपाशी जागा दिली, मक्याची कण्हेरी पाजली, म्हणून जगलो. आता तीच गोष्ट टाकून आईच्या समोर येऊन बसलो, तर तिच्या समोर बसेल तो तिचा एलकाना नसेल. तिलाही ते पहिल्या घासाला कळेल.

पण एक सुचलंय. यंदा दोन्ही गावांच्या शिवेची फेरी आहे. तुमचे पंच आणि आमचे पंच मिळून शीव चालायची, जुन्या खुणांवर दगड रचायचे. मुख्य म्हणून यंदा मला यावंच लागेल, आणि तुमच्याकडून दरवेळी दाजीच येतात. फेरी चेस्टनटच्या मोठ्या झाडापाशी संपते. आई शिवेच्या तिकडे बसेल, मी इकडे. कुणीच कुठे ओलांडलं नाही म्हणजे झालं. दाजींना विचार. नको, आधी दौत रिकामी करून ठेव आणि मग विचार.

लोभ राहू दे. धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळतेय.

तुझा,
एलकाना


स्टेपलफर्ड
दुसऱ्या महिन्याची २८ तारीख

चि. एलकाना यास आशीर्वाद. यावेळी धपाटा नाही, डोकं चालवलंस म्हणून.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती तडक काठी घेऊन पाळकबुवांकडे गेली. वाळीत टाकलेल्या लेकाबरोबर शिवेवर जेवलं तर चालेल का, असं तिने सरळ विचारलं. पाळकबुवांनी पुष्कळ वचनं सांगितली आणि शेवटी म्हणाले, एका टेबलावर चालणार नाही. आईने विचारलं, मग दोन टेबलांवर? पाळकबुवांना खोकला आला तो थांबेचना. आई घरी येऊन म्हणाली, परवानगी मिळाली. मी म्हटलं, अगं ते हो कुठे म्हणाले? तर म्हणते, गप्प राहिले की. आपल्या मंडळीत गप्प राहणं म्हणजे हो.

एवढं म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगते. तुला काढलं त्या दिवशी पाळकबुवांनी रीतीप्रमाणे विचारलं होतं, कुणाची हरकत आहे का. कुणी बोललं नाही म्हणून ठराव झाला. आई बायकांच्या बाकावर बसली होती. बायकांनी प्रार्थनाघरात तोंड उघडायचंच नसतं, हे मी तिला शंभरदा समजावलंय. पण ती म्हणते, मी माझ्या तोंडाने गप्प बसले, दुसऱ्या कुणाच्या नाही. अकरा वर्षं हेच उगाळतेय बिचारी. तू तिला कधी एका शब्दाने बोलला नाहीस, त्याचंच तिला जास्त लागतं.

यांना विचारलं. रात्रभर कुशी बदलत होते. सकाळी म्हणाले, टेबलं दोन, मधे एक हात अंतर आणि शीव बरोबर त्या अंतरातून गेलेली. तसं असेल तर यांच्या विवेकबुद्धीला चालेल. तेव्हापासून गोठ्यात लाकडी घोडीवर फळ्या ठोकून टेबलं करताहेत. दोन्हींची उंची तंतोतंत सारखी का, ते मात्र मी विचारलं नाही.

मला येता येणार नाही, थोरल्या लेकीचे दिवस भरलेत. काय काय झालं ते सगळं मला लिही, कारण यांच्या तोंडून मला हवेपाण्याशिवाय काही कळायचं नाही. आईने सुकी सफरचंदं भिजत घातलीत. तुझ्या आवडीचं मक्याचं पुडिंग करणार आहे. पोट रिकामं ठेवून ये.

आशीर्वाद आहेत, काळजीही आहे. दोन्ही घे.

तुझी ताई


गुडरेस्ट
तिसऱ्या महिन्याची १२ तारीख

ती. मेहिताईस नमस्कार.

दाजींनी तुला काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगतो. ऊन बरं होतं आणि शीव जागेवर आहे. हो ना? मग आता ऐक.

आम्ही चेस्टनटपाशी पोचलो तेव्हा आई गाडीतून उतरत होती. एवढीशी झालीय गं! मी धावलो आणि शिवेवर येऊन थबकलो, माझ्याच खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा. ती मात्र सावकाश आली, हात लांब करून माझी टोपी उचलली, काखेत धरली आणि टक्कल बघून रडायला लागली. मग हसली. म्हणाली, अगदी तुझ्या बापावर गेलास. न्यायाधीशांना जे जमलं नाही ते तिने एका दमात केलं.

दाजींनी टेबलं मांडली. आपल्या हाताने अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. आई तिकडच्या टेबलाशी बसली, मी इकडच्या. दोन्ही गावांचे पंच दगड रचायला लागले. तिने मडक्यावरचं फडकं सोडलं. वाफेबरोबर अख्खं घर बाहेर आलं गं ताई, बाबा, तू, मी, स्वयंपाकघरातलं भांडण.

तिने माझ्यासाठी लाकडी पळी भरली आणि फटीवरून पुढे केली. तिचा हात कापतो, तू सांगितलं नव्हतंस. पुडिंग गवतात पडलं. दुसरी पळी भरली, तीही गवतात. तिसरी भरताना तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं आता उठावं, पाऊल टाकावं आणि जावं तुरुंगात.

तेवढ्यात दाजींनी हातातला दगड खाली ठेवला. पाठमोरे होते, तरी सगळं बघत होते. आले, हात विजारीला पुसले आणि कंबरेने एक धक्का देऊन त्यांनी तिकडचं टेबल इकडच्या टेबलाला चिकटवलं. फळीला फळी अशी जुळली, की मधून सुरीचं पातंही जाऊ नये. मग माझ्याकडे नाही, आईकडे नाही, चेस्टनटकडे बघून म्हणाले, की अन्न मातीत घालणं हेही पापच आहे. आणि परत दगड रचायला गेले.

आम्ही जेवलो. तिने माझ्या ताटातलं खाल्लं, मी तिच्या. दोन्ही गावांच्या पंचांना दगडांत इतका रस मी आजवर पाहिला नव्हता. तो ढीग आता आमच्या धान्यकोठीएवढा झालाय. मी रडलो ते लिहीत नाही, तुला कळलंच असेल.

दाजींना माझा नमस्कार सांग. नाहीतर नको सांगूस, त्यांची शाई वाया गेली नाही असं सांग.

तुझाच,
एलकाना


स्टेपलफर्ड
तिसऱ्या महिन्याची २२ तारीख

चि. एलकाना यास अनेक आशीर्वाद.

आधी गोड बातमी. थोरलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आवाज आपल्या घराण्याचाच आहे.

आता बैस आणि वाच. फेरीहून आल्यापासून हे धड जेवत नव्हते. शब्बाथच्या दिवशी प्रवचन संपलं आणि हे सगळ्यांसमोर उभे राहिले. म्हणाले, मी दोन टेबलं जोडली, वाळीत टाकलेल्या माणसाला आणि मंडळीच्या बाईला एकत्र जेवू घातलं, याचा कबुलीजबाब देतो. पाळकबुवांनी रीतीप्रमाणे विचारलं, की डीकनना क्षमा करायला कुणाची हरकत आहे का.

सगळे गप्प. आणि माझ्या शेजारून काठीचा आवाज आला. आई उभी राहिली होती. मी तिचा झगा ओढला, तिने माझ्या हातावर चापट मारली. सगळं प्रार्थनाघर मागे वळून बघत होतं. आई म्हणाली, डीकनबद्दल माझी काही हरकत नाही. पण अकरा वर्षांपूर्वी तुम्ही इथेच उभे राहून विचारलं होतंत, की एलकानाला काढायला कुणाची हरकत आहे का. माझी आहे.

एवढं बोलून खाली बसली.

पाळकबुवा बायबल चाळायला लागले. मग यांनीच स्तोत्र सुरू केलं, नको त्या पट्टीत, आणि सगळ्यांना ते तसंच ओरडत म्हणावं लागलं. यांना क्षमा झाली. तुझी हद्दपारी आहे तशीच आहे, खोटी आशा लावत नाही. गुरुवारी मंडळीतली वडीलधारी माणसं आईला जाब विचारायला घरी येणार आहेत. तिने सकाळपासून सफरचंदं भिजत घातलीत आणि वर यांना सांगितलंय, की सगळे मावतील असं एकच टेबल मांडा.

धाप पार गेलीय तिची.

लोभ आमचा, आणि हरकत आईची. दोन्ही पोचती झाली की कळव.

तुझी ताई,
मेहिटेबल


गुडरेस्ट
चौथ्या महिन्याची २ तारीख

ती. ताईस, आणि विशेष करून आईस, साष्टांग नमस्कार.

दोन्ही पोचली. पत्र अंगणात उभ्या उभ्या वाचलं. तबिथाने हाताकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं, की टोपी माझ्या हातात आहे. या वेळी ती कुणी उचलली नव्हती.

आईला एवढंच सांग.

तुमचाच,
एलकाना